कुत्र्याचं म्हणणं समजून घेऊ या

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



गणपतीसमोर कुत्र्यावर व्याख्यान, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. पण आपण सगळे या सीमेवरचे लोक. वैनगंगेच्या अल्याड-पल्याड आपल्या घरांतून पोळा होतो, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, आणि त्यानंतर चार दिवसांत गणपती बसतात. मुक्या जनावराला वर्षातून एकदा तरी ओवाळावं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कुत्र्याची तर आपल्या धर्मकथांमध्ये मोठी जागा आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे बसलेले असतात. स्वर्गाच्या दारात धर्मराज अडून बसले ते कुत्र्यासाठी. आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले ते आपले नामदेव महाराज.

तरीही रोजच्या व्यवहारात कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे दोनच शब्द आहेत. हाकलायचं असेल तर ‘हाड’, आणि बोलवायचं असेल तर ‘यू-यू’. या दोन शब्दांच्या मधे जे काही बोलणं व्हायला हवं, ते होतच नाही. त्यामुळे पोरांना चावे बसतात आणि कुत्र्यांना काठ्या. म्हणून आज मला एवढंच सांगायचं आहे की कुत्रा दिवसभर आपल्याशी बोलत असतो. ते बोलणं आपल्याला कळलं, तर त्याला मारायची गरज उरत नाही आणि आपली मुलंही सुरक्षित राहतात. माया आणि शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण समजतो. कुत्र्याच्या बाबतीत त्या एकच आहेत.

‘मालक कोण ते दाखवून द्या’

कुत्रा पाळला की पहिला सल्ला हाच मिळतो. ‘त्याला धाक बसला पाहिजे, नाहीतर डोक्यावर बसेल.’ कुणी सांगतं, पाठीवर पाडून दाबून धरा. कुणी सांगतं, तुमचं जेवण झाल्याशिवाय त्याला घास देऊ नका. हा सल्ला आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने पिंजऱ्यात ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं. ते लांडगे आपसांत भांडत, आणि त्यांतून एखादा वरचढ ठरे. पुढे अमेरिकेतले लांडग्यांचे मोठे अभ्यासक डेव्हिड मेच यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना मांडली आणि ती जगभर पसरली. लांडग्यांत ‘अल्फा’ म्हणजे पुढारी असतो, कुत्रा हा लांडग्याचाच वंशज, म्हणून घरात माणसाने अल्फा व्हावं, असं गणित बसलं.

पण मेच यांनी पुढे बरीच वर्षं रानातल्या मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास केला, आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे पुढारीपणासाठी रोज मारामारी होत नाही. मुलं आईबापांचं ऐकतात, तसंच ते असतं. पिंजऱ्यातले लांडगे एकमेकांना अनोळखी होते आणि पळून जायला जागा नव्हती, म्हणून ते भांडत होते. स्वतःचं जुनं पुस्तक छापू नका, अशी विनंती मेच यांनीच प्रकाशकाला केली. शास्त्रज्ञाने मत बदललं. आपल्या गल्लीत मात्र जुनाच सल्ला चालू आहे.

दूर कशाला जायचं? मुक्कीच्या बाजूने आपण कान्हात जातो, तिथे सोनकुत्ते दिसतात. मराठीत त्यांना रानकुत्रे किंवा कोळसून म्हणतात. ते आपल्या कुत्र्याचे पूर्वज नव्हेत, लांबचे नातलग आहेत. पण कळपात कसं राहावं हे त्यांच्याकडून शिकावं. सगळे मिळून शिकार करतात, आणि शिकार झाली की आधी पिल्लांना खाऊ देतात, मोठे बाजूला उभे राहतात. बिळाशी थांबलेल्यांसाठीही पोटातून मांस आणून उलटून देतात. आधी पुढारी जेवेल, मग बाकीचे, असा नियम जंगलात शोधायला गेलात तर कान्हातच तो खोटा पडतो.

कुत्रा कसा बोलतो

आता त्याच्या भाषेकडे येऊ. कुत्रा तोंडाने कमी आणि अंगाने जास्त बोलतो. बालमित्रांनो, हे नीट ऐका, कारण मोठ्यांपेक्षा याचा उपयोग तुम्हाला जास्त आहे.

कुत्र्याला एखादी गोष्ट नको असली की तो एकदम चावत नाही. पायरी-पायरीने सांगतो. पहिल्या पायरीला तो तोंड फिरवतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. समोर खायला काही नसताना ओठांवरून, नाकावरून जीभ फिरवतो. मग डोळे तिरपे करून बघतो, तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. कान मागे जातात, शेपूट पोटाखाली जातं, तो उठून दुसरीकडे जायला बघतो. याचा अर्थ, ‘मला हे नको आहे, मला जाऊ द्या.’ तरी आपण सोडलं नाही, तर तो एका जागी ताठ होतो, जणू दगड झाला. ही शेवटच्या आधीची पायरी. मग गुरगुरतो, दात दाखवतो, हवेत तोंड मारतो. आणि एवढं करूनही कुणी ऐकलं नाही, तर चावतो.

‘काही कारण नसताना चावला,’ असं लोक सांगतात. नीट विचारलं की कळतं, मूल त्याच्या गळ्यात हात टाकून बसलं होतं, तो दोनदा उठून गेला होता, दोनदा त्याला ओढून आणलं होतं. माणसांत गळामिठी म्हणजे प्रेम. कुत्र्याला मात्र गळ्याभोवती हात म्हणजे अडकून पडल्यासारखं वाटतं. घरोघरी मोबाईलवर काढलेले असे फोटो आहेत. आज घरी गेल्यावर एखादा नीट पाहा. मूल हसत असतं आणि कुत्र्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसत असतो.

शेपटीबद्दलही एक सांगतो. शेपूट हललं म्हणजे कुत्रा खूश, असं आपण धरून चालतो. अंग सैल आहे, कंबरेपासून सगळा हलतोय, तर तो खरंच खूश आहे. पण अंग ताठ, शेपूट उंच आणि टोक तेवढं भराभर हलतंय, तर तो तापलेला आहे. त्या वेळी हात पुढे करू नका.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट गुरगुरण्याची. कुत्रा गुरगुरला की घरातलं मोठं माणूस त्याला फटका देतं. ‘आमच्यावरच गुरगुरतो?’ फटक्याने गुरगुरणं थांबतं, हे खरं. पण त्याला जे नको होतं, ते अजूनही नकोच आहे. फक्त सांगायची वाट आपण बंद केली. असा कुत्रा पुढे एक दिवस न गुरगुरता चावतो. गाडीचा हॉर्न काढून टाकला म्हणून गाडी थांबत नाही. तेव्हा कुत्रा गुरगुरला, तर मुलाला शांतपणे बाजूला घ्या आणि त्याला काय नको होतं ते शोधा. भांड्याजवळ गुरगुरत असेल तर जेवताना त्याला एकटं सोडा. अंगाला हात लावल्यावर एकाएकी गुरगुरायला लागला असेल, तर कान, दात, कंबर दुखत नाही ना, ते आधी डॉक्टरांना दाखवा. नेहमी गरीब असणारा कुत्रा चिडका झाला, तर दुखणं हे कारण सर्वांत आधी तपासायचं असतं.

आणखी एक गैरसमज. घरी येतो, चप्पल फाडलेली दिसते, कुत्रा मान खाली घालून, कान पाडून कोपऱ्यात बसलेला असतो. आपण म्हणतो, ‘बघा, चूक केली ते त्याला कळतंय.’ अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेतली. कुत्र्यासमोर खाऊ ठेवून मालकाने ‘खाऊ नको’ म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. निघालं असं की तो ‘अपराधी चेहरा’ कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. न खाता बोलणी बसलेले कुत्रेही तसाच चेहरा करत होते. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो, ती भीती असते. तो आपला चेहरा वाचत असतो. दोन तासांपूर्वीच्या चपलेशी त्याचा संबंध त्याला लागत नाही.

मग शिकवायचं कसं?

नियम सोपा आहे. जे केल्यावर चांगलं काही मिळतं, ते कुत्रा पुन्हा करतो. जे करून काहीच मिळत नाही, ते हळूहळू सोडतो. बाकी सगळं याच नियमाचा विस्तार.

यात वेळ सांभाळायची असते. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळालं पाहिजे. उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं ते त्याला कळत नाही. बक्षीस महाग नको. पोळीचा नखाएवढा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा कण, पनीरचा बारीक तुकडा, काही कुत्र्यांना चेंडू. धडा पाच मिनिटांचा पुरे, दिवसातून दोन-तीनदा.

‘बस’ शिकवायचं असेल तर कंबर दाबायची गरज नाही. तुकडा त्याच्या नाकाशी धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. टेकल्याबरोबर ‘शाब्बास’ म्हणा आणि तुकडा द्या. आठ-दहा वेळा झालं की हाताच्या खुणेआधी ‘बस’ म्हणायला लागा. आठवड्याभरात शब्दावर बसायला लागतो.

‘ये’ हा शब्द तर जीव वाचवणारा आहे, कारण रस्त्यावरून ट्रक येत असताना तोच कामी येतो. त्याचा एकच नियम, ‘ये’ म्हटल्यावर जो आला त्याला कधीही रागावायचं नाही. अर्धा तास हुलकावण्या देऊन आला तरी नाही. बोलावून मारलं की कुत्रा शिकतो, ‘ये’ म्हणजे मार. मग का येईल?

पाहुणे आले की अंगावर उड्या मारतो, ही घरोघरची तक्रार. आपण ‘नको, नको’ करत त्याला दोन्ही हातांनी ढकलतो. त्याला वाटतं, वा, खेळ सुरू झाला. त्याऐवजी पाठ फिरवून उभं राहा, बोलू नका, बघू नका. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाली वाकून लाड करा. उडी मारून काही मिळत नाही, बसून मिळतं, हे त्याला चार दिवसांत समजतं. पण घरातल्या सगळ्यांनी हे पाळलं पाहिजे. आबांनी उड्यांवर लाड केले आणि वहिनींनी रागावलं, तर कुत्र्याच्या डोक्यात गोंधळ होतो. पोळीचंही तसंच. जेवताना आजी हळूच ताटातला तुकडा टाकत असेल, तर कुत्रा ताटाशी येऊन बसणारच. त्याने बरोबर तेच शिकलं, जे आजीने शिकवलं.

पिल्लाने घरात शू केली, तर त्याचं नाक त्यात घासणारे अजूनही आहेत. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली जाऊन करतं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितकेच तास ते धरून ठेवू शकतं. झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या, आणि बाहेर केली की तिथल्या तिथे कौतुक करा.

तोंडात काही धरलं असेल तर ओढाओढी करू नका. ओढलं की तो गिळतो किंवा पळतो. त्याहून चांगलं काही पुढे करा, ‘सोड’ म्हणा, सोडलं की द्या. चप्पल चावतो, कारण चार ते सहा महिन्यांत दात बदलतात, हिरड्या शिवशिवतात. चपला उचलून ठेवा आणि चावायला त्याची स्वतःची वस्तू द्या.

आणि पिल्लाचा सर्वांत मोलाचा काळ कोणता? तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. या दिवसांत त्याने जे पाहिलं, ऐकलं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. म्हातारी माणसं, काठी, छत्री, हेल्मेट, कुकरची शिट्टी, सायकल, लहान मुलं, या सगळ्यांची हळूहळू, न घाबरवता ओळख करून द्या. दोन महिने पुरे होण्याआधी मात्र पिल्लाला आईपासून तोडू नका.

मारलं तर काय होतं

‘आमचा कुत्रा मारूनच शिकला,’ असं म्हणणारे असतात. काही गोष्टी माराने थांबतात, ते मी नाकारत नाही. पण त्याची किंमत काय? पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. झटके, ओरडणं, दटावणं अशा पद्धतीने शिकवलं जाणारे आणि बक्षीस देऊन शिकवलं जाणारे, असे दोन्ही प्रकारचे कुत्रे त्यात होते. धाकाने शिकणाऱ्या कुत्र्यांच्या लाळेत धड्यानंतर ताणाचं संप्रेरक वाढलेलं सापडलं. ते जास्त जांभया देत होते, जास्त ओठ चाटत होते. मघाशी सांगितलेली तीच पहिली पायरी! काहीशी निराश वृत्तीही त्यांच्यात दिसली. समोरच्या भांड्यात खाऊ असेल की नसेल अशी शंका असताना ते भांड्याकडे जायला जास्त वेळ घेत होते.

आता सर्वांत अवघड काम करणाऱ्या कुत्र्यांकडे पाहू. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला ‘झंजीर’ नावाचा लॅब्राडॉर आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. त्याचं शिक्षण पुण्यात पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झालं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. आपल्या राज्यातही वाघाची कातडी, हाडं, खवल्यांचा माग काढणारे कुत्रे वनखात्याकडे आहेत. ‘ट्रॅफिक’ आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी २००८ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला आणि त्यातल्या कितीतरी कुत्र्यांचं शिक्षण आपल्या भोपाळला झालं.

वास शोधायला कुत्र्याला कसं शिकवतात? हे काम त्याला खेळ वाटावं अशा रीतीने. तो वास सापडला की त्याला आवडता चेंडू मिळतो. त्याच्या मनात चेंडू आणि वास यांची जोडी जमते. दुसरा मार्गच नाही. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या पुढे. पेटीत काय आहे याचा वास शिकवणाऱ्याला स्वतःलाच येत नाही. मग ‘चुकलास’ म्हणून तो मारणार कशाच्या आधारावर? आणि घाबरलेला कुत्रा चुकू नये म्हणून शोधायचंच सोडून देईल. जिथे शेकडो माणसांचा जीव कुत्र्याच्या नाकावर अवलंबून आहे, तिथे काठी चालत नाही. मग घरच्या टॉमीला ‘बस’ शिकवायला ती कशाला लागावी?

माया म्हणजे लाड नव्हेत

उलट बाजूही सांगायला हवी. सोफ्यावर झोपवणं, बिस्किटांचे पुडे खाऊ घालणं, अंगात स्वेटर घालणं, याला आपण प्रेम म्हणतो आणि दिवसभर दोन हात लांबीच्या साखळीला बांधून ठेवतो. कुत्र्याला रोज चालणं हवं, आणि चालताना वास घेऊ देणं हवं. आपण पेपर वाचतो, तसं तो खांबाखांबावरचं वाचतो. ओढत नेऊ नका, वाचू द्या. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून भीती वाटली की त्याच्याकडे एकच उपाय उरतो, अंगावर जाण्याचा. गेटवर बांधलेला कुत्रा सगळ्यांवर का धावतो, याचं उत्तर त्या साखळीत आहे.

आता या दहा दिवसांबद्दल. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. ढोल, डीजे, फटाके आपल्याला आनंदाचे, त्याला मात्र ते कुठून येतात आणि कधी थांबतात हे कळत नाही. विसर्जनाच्या दिवशी त्याला संध्याकाळच्या आत फिरवून आणा. आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या-पडदे लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, शक्य असेल तर घरातलं एकजण त्याच्याजवळ बसा. जवळ घेतल्याने भीती वाढते, असं म्हणतात, ते खरं नाही. धीर दिल्याने भीती वाढत नसते. फार थरथरत असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा, माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. आणि गळ्यातल्या पट्ट्यावर घरचा फोन नंबर लिहा, कारण घाबरलेला कुत्रा पळाला की घर विसरतो.

प्रसादाबाबत एक इशारा. मोदकाच्या सारणात बेदाणे असतात. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेटचे मोदक, कांदा हेही त्याच्यासाठी विषच. खाल्ल्याचं लक्षात आलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

गल्लीतला कुत्रा आणि आपली मुलं

सगळेच काही कुत्रा पाळत नाहीत, पण गल्लीतला कुत्रा प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्याला आपली भाषा कळते का? कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतात. कधीच न शिकवलेले कुत्रेही माणसाने बोट दाखवलेल्या दिशेला जातात, असं त्यांना दिसलं. २०१७ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अनोळखी माणसाकडून काही वेळा खाऊ मिळाला आणि काही वेळा डोक्यावरून हात फिरवून घेतला, यांत कुत्र्याचा विश्वास हात फिरवण्याने जास्त बसला.

तरी सावधगिरी हवीच. बालमित्रांनो, पाच गोष्टी लक्षात ठेवा. झोपलेल्या, खाणाऱ्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं स्थिर उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली. पडलात तर पोटाशी गुडघे घेऊन, मान आणि कान हातांनी झाकून गाठोड्यासारखं पडून राहायचं. आणि पाचवी, कुत्र्याला दगड मारायचा नाही. आज तुम्ही मारलेला दगड उद्या दुसऱ्या मुलाला भोवतो, कारण ‘मूल म्हणजे दगड’ हे कुत्रा शिकतो. मोठ्यांसाठी एक, स्कूटरमागे कुत्रा लागला तर वेग वाढवू नका, कमी करा. पाठलागात मजा उरली नाही की तो थांबतो.

आणि चावलाच, खरचटलं जरी, तर मुलांनी घरी सांगायचंच. रागावतील म्हणून लपवायचं नाही. मोठ्यांनी आधी मुलाला रागवू नका. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद, तेल काही भरू नका. कुणाकडून मंत्रून, झाडून घेण्यात वेळ घालवू नका. सरळ सरकारी दवाखान्यात जा, लस मोफत मिळते. सांगितलेले सगळे डोस त्या त्या दिवशी पूर्ण करा. दोन घेऊन बरं वाटलं म्हणून सोडू नका. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत आणखी एक औषध टोचावं लागतं, ते विचारून घ्या. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस बहुधा वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो पूर्ण टाळता येतो. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात होतात. संशयित जनावर चावलेल्यांत दर दहांत चार जण पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे आकडे आपल्या अंगणातले आहेत.

मारून, हाकलून, पोत्यात घालून दुसऱ्या गावी सोडून हा प्रश्न सुटत नाही. एक कुत्रा हलवला की त्या जागेवर दुसरा येतो, बहुधा लस न घेतलेला. म्हणून २०२३ च्या नियमांनी नसबंदी आणि लस हा मार्ग सांगितला आहे. ज्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना लस आहे, त्या गल्लीत चावा बसला तरी जीव जाण्याची भीती फार कमी होते.

मंडळाकडे एक मागणं

येत्या २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन आहे. १८८५ मध्ये माणसाला रेबीजची पहिली लस देणाऱ्या लुई पाश्चर यांचा तो स्मृतिदिन. माझं मंडळाला मागणं आहे की वर्गणीतले थोडे पैसे आणि चार तरुण हात त्या आठवड्यात द्यावेत. पशुचिकित्सालयाशी बोलून आपल्या वॉर्डातल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेऊ. लस झालेल्या कुत्र्याला रंगीत पट्टा बांधू. मुलांना ‘झाडासारखं उभं राहा’ हा खेळ शाळेत शिकवू. यासाठी मोठी सभा, मोठं बॅनर लागत नाही.

आणि घरी गेल्यावर एवढं करा. तुमच्या दारातला कुत्रा, पाळलेला असो की गल्लीतला, त्याच्याकडे पाच मिनिटं नुसतं बघा. कधी जांभई देतो, कधी तोंड फिरवतो, कुणाला बघून अंग सैल सोडतो, ते पाहा. मग तो काय म्हणतोय ते हळूहळू कळायला लागेल, आणि ‘हाड’ म्हणायची वेळ कमी येईल.

 गणपती बाप्पा मोरया!